पन्नास तास

गाडीत चालकाशेजारच्या सीटसमोर ब्रेक नसतो. हे मला माहीत आहे, तरी गेल्या वर्षभरात मी तिथे इतक्या वेळा पाय दाबलाय की खालचं मॅट त्या जागी पातळ झालंय. लेकीला आधी त्याची गंमत वाटायची. मग राग यायला लागला. आणि मग एके दिवशी सिग्नलला उभी असताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाबा, तू ब्रेक मारलास की मला कळायला पाहिजे मी चुकले म्हणून. पण तू दर वेळी मारतोस. मग मला कळणार कसं?"

मी पाय मागे घेतला. सिग्नल सुटला. पुढच्या वळणावर पुन्हा मारला.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, एडिसनला. इथे सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसाबरोबर सहा तास काढायचे, आणि मग पोर आईबापांच्या हवाली. 1 फेब्रुवारी 2025पासून राज्याने त्यात भर घातली. एकविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाने जाणत्या माणसाला शेजारी बसवून किमान पन्नास तास गाडी चालवायची, त्यातले दहा तास अंधारात, आणि तेवढे तास खरंच झाले असं पालकाने सही करून द्यायचं. लेक सोळाची झाली त्याच एप्रिलमध्ये. म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांनी ती या नियमात सापडली. तिची खात्री होती की यामागे माझाच हात आहे.

नंबरप्लेटच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानशी लाल पट्टी चिकटवावी लागते. 2010पासून हा नियम आहे. गाडी नवशिकं पोर चालवतंय हे पोलिसांना लांबून कळावं म्हणून. लेक तिला टिकली म्हणते. "बाबा, टिकली लाव, निघू या."

मी वही केली. तारीख, कुठून कुठे, किती मिनिटं, हवा कशी होती. बायको म्हणाली, हा सरकारी नियम नाही, ही तुझी हौस आहे. असेल. मला स्वतःला कुणी गाडी शिकवली नाही. ओळखीच्या एजंटाने परवाना घरी आणून दिला होता, आणि परीक्षेत स्कूटरवरून जो आठचा आकडा काढून दाखवायचा असतो तो मी आजतागायत काढलेला नाही. आपण जे केलं नाही ते मुलांकडून दुप्पट करून घ्यायचं, ही आमच्या पिढीची जुनी खोड.

आम्ही कडक आहोत. हे मी सांगतोय, लेकीने सांगितलं असतं तर शब्द जरा वेगळे असते. मैत्रिणीकडे रात्री झोपायला जायचं नाही. मॉलमध्ये गेलीस तर साडेसातला घरात. फोनवरचं लोकेशन कायम चालू. कुणाकडे पार्टी असेल तर त्या घरच्या आईशी आधी हिची आई बोलणार. रविवारी मराठी शाळा, त्यात सूट नाही. गणितात 'बी' आला तर घरात सुतक. आणि या सगळ्या नकारांना आमच्याकडे एकच कारण होतं, सगळ्या कुलपांना लागणारी एकच किल्ली: "आपल्याकडे असलं नसतं."

चौदाव्या वर्षी तिने विचारलं, "आपल्याकडे म्हणजे कुठे?"

भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. ती दोन वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. सांगली तिला ठाऊक आहे ती दर दोन-तीन वर्षांनी तीन आठवडे भेटणारी. मी म्हणालो, "जेवायला बस आता."

या विषयावर इथल्या आपल्या मंडळींत एक सिद्धान्त फार लोकप्रिय आहे. माणूस ज्या वर्षी देश सोडतो, त्या वर्षी त्याच्या डोक्यातलं घड्याळ बंद पडतं. तो पुढची तीस वर्षं तीच वेळ दाखवत बसतो, आणि तिकडे गाव मात्र पुढे निघून जातं. मंडळाच्या जेवणात कुणीतरी हे सांगतं, सगळे माना डोलावतात आणि पुन्हा ताटाकडे वळतात. माझा भाऊ पुण्यात असतो. त्याची मुलगी लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. ॲक्टिव्हावरून अख्खं पुणे फिरते, मैत्रिणींबरोबर गोव्याला जाऊन आली, सुट्टीत कुठल्याशा कंपनीत काम करते. भाऊ मला फोनवर म्हणाला, "तू आपल्या बाबांपेक्षा जुना झालास रे."

आता हे खरं आहे, पण अर्धंच. कारण 2011 साली निघालो तेव्हाही मी असा नव्हतो. सतराव्या वर्षी मी सांगली सोडली आणि सव्वादोनशे किलोमीटरवर पुण्यात इंजिनीअरिंगला जाऊन राहिलो. वसतिगृहात. रात्री उशिरा दर उतरले की एसटीडी बूथबाहेर रांगेत उभं राहायचं, नंबर लागला की घरी फोन. बाबा दोनच प्रश्न विचारायचे: पैसे आहेत का, आणि पाऊस आहे का. मी त्या दोन प्रश्नांची खरी उत्तरं द्यायचो. बाकी चार वर्षं मी कुठे होतो, कुणाबरोबर होतो, काय खाल्लं, काय प्यायलो, याचा त्यांना आजही पत्ता नाही. त्यांनी विचारलंच नाही. ते उदार होते असंही नाही. मी कुठेही असलो तरी अखेर आपल्या मुलखातच आहे, धडपडलो तर कुणीतरी उचलून एसटीत बसवून देईल, एवढा त्यांना भरवसा होता.

तेव्हा हा कडकपणा मी बॅगेतून आणलेला नाही. तो इथे आल्यावर चढला.

इथे आलो तो एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर. तीन वर्षं, मग आणखी तीन. बायको आणि लेक एच-4वर, म्हणजे माझ्या शेपटाला बांधलेल्या. सहा वर्षांच्या आत ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिलं आणि कंपनीचा अर्ज मंजूर झाला, तर रांग संपेपर्यंत तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते. आमचा रांगेतला दिवस 2015चा. 1990च्या कायद्याने असं ठरवलंय की वर्षभरात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, मग तो देश लक्झेंबर्ग असो नाहीतर भारत. दर महिन्याला एक बुलेटिन निघतं, त्यात रांग कुठवर आली ते छापतात. लेकीच्या सोळाव्या उन्हाळ्यात ती 2013च्या पूर्वार्धात रखडली होती. नवख्याला वाटेल, दोन-अडीच वर्षांचा तर फरक. त्या रांगेतली अडीच वर्षं म्हणजे आपली किती, हे सांगणारा ज्योतिषी मला अजून भेटायचा आहे.

आणि मूल हे कागदावर एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच मूल असतं. त्या दिवशी ते माझ्या अर्जातून गळून पडतं. 2002च्या एका कायद्याने वयातून काही दिवस वजा करायची सोय ठेवली आहे, पण ती कामी येणार की नाही हेही पुन्हा रांगच ठरवणार. लेक 2030च्या एप्रिलमध्ये एकवीसची होईल. आमच्या घरात हा आकडा कुणी मोठ्याने बोलत नसे. सासूबाई जशा काही रोगांची नावं घेत नाहीत, तसं.

अर्जांवर एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? कुठल्याही कारणाने, कुठेही, कधीही. हा प्रश्न मी इतक्यांदा वाचलाय की माझ्या डोक्यात तो पहारेकऱ्यासारखा बसलाय. लेकीच्या वर्गातल्या कुणाच्या घरी पार्टी झाली, बिअर निघाली, शेजाऱ्याने पोलीस बोलावले, तर त्या पोरांना वीस वर्षांनी हसत सांगायला एक गोष्ट मिळते. आमच्या पोरीला अर्जावर एक ओळ मिळेल. मी तिला हे कधीच सांगितलं नाही. मी सांगितलं, आपल्याकडे असलं नसतं.

ती पंधराची असताना एका मैत्रिणीच्या मोठ्या भावाच्या गाडीतून येत होती. मागचा एक दिवा लागत नव्हता म्हणून पोलिसाने गाडी थांबवली. दिवा दुरुस्त करून घे म्हणाला, सोडून दिलं. एवढंच. तिने घरी येऊन जेवताना सहज सांगितलं, आणि मी ताटावरून उठलो. काय काय बोललो ते आता आठवायची इच्छा नाही. महिनाभर शाळा आणि घर, एवढंच. "आम्ही काहीच नाही केलं!" ती रडत म्हणत होती, आणि ते शब्दशः खरं होतं. दिवा गाडीचा बंद होता. माझे हात टेबलाखाली थरथरत होते, ते तिला दिसले नाहीत. तिला दिसला फक्त आवाज.

मग आइस्क्रीमचं दुकान.

इथे चौदाव्या वर्षानंतर पोरं सुट्टीत कामं करतात. त्यासाठी 'वर्किंग पेपर्स' काढावे लागतात, ते हल्ली ऑनलाइन होतात. लेकीच्या सगळ्या मैत्रिणी कुठे ना कुठे लागल्या. एक तलावावर जीवरक्षक, दोघी कपड्यांच्या दुकानात. जूनच्या पहिल्या आठवड्यात लेक लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर आली. घरापासून दीड मैलावरचं आइस्क्रीमचं दुकान, आठवड्याला पंधरा तास, मालकाशी बोलणं झालेलं. तिने वेळापत्रक केलं होतं, त्यात अभ्यासाचे तास निळ्या रंगात आणि मराठी शाळा पिवळ्या रंगात. माझ्यासारखीच आहे, मला वाटलं. "फक्त माझा सोशल सिक्युरिटी नंबर सांग," ती म्हणाली.

तिला तो नंबर नाही. एच-4वरच्या मुलांना काम करता येत नाही, म्हणून तो नंबरही मिळत नाही. 2015च्या नियमाने एच-4वरच्या बायकांना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचा अर्ज मंजूर झालाय त्यांना, कामाची परवानगी मिळाली. त्यामुळे हिची आई नोकरी करते. मुलांसाठी तसं काही नाही. मोबदला घेऊन एक स्कूप जरी दिला तरी तो नियमभंग.

मी म्हणालो, "काही गरज नाही कामाची. पैसे हवे असतील तर माझ्याकडे माग. हा वेळ कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेला दे."

"पैशांसाठी नाहीये, बाबा."

"विषय संपला."

रात्री बायको म्हणाली, "खरं का नाही सांगत तिला?" मी म्हणालो, लहान आहे अजून. ती म्हणाली, "ती की तू?" आणि दिवा घालवून झोपली.

मी त्यावर पुष्कळ विचार केला, आणि जे हाती लागलं ते फारसं शोभणारं नाही. कडक बाप म्हणून मला तिच्यापुढे उभं राहता येत होतं. कडकपणाला एक रुबाब असतो. आवाज चढवता येतो, दार आपटता येतं, पोरगी चिडली तरी तिच्या नजरेत आपण उंचच असतो. "बाळा, इथे मलाच कुणाची तरी परवानगी लागते, तुला द्यायला माझ्याकडे काही नाही" असं म्हणणारा माणूस मला माझ्या स्वयंपाकघरात नको होता. तिने माझा राग राग केला तरी चालेल, कीव करू नये. म्हणून देशाचा नकार मी माझ्या नावावर खपवला.

तीन आठवडे ती बोलली नाही. पण गाडी चालवायची तर मीच लागत होतो. वहीत नोंद आहे: त्या तीन आठवड्यांत चार तास चाळीस मिनिटं. संभाषण: लेफ्ट, राइट, स्लो. आमच्या राज्यातल्या मोठ्या रस्त्यांवर एक विचित्र सोय आहे, जगहँडल नावाची. डावीकडे वळायचं असेल तर आधी उजवीकडे बाहेर पडायचं, कपाच्या कानासारखा वळसा घालून यायचं आणि मग मूळ रस्ता आडवा ओलांडायचा. लेकीला ते पहिल्यांदा शिकवत होतो ते याच तीन आठवड्यांत. न बोलता जगहँडल शिकवून बघा एकदा.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मराठी शाळेतून परत येताना मी म्हटलं, आज जरा लांब जाऊ, रोझेलला. पंधराएक मैल. "तिथे काय आहे?" "बघण्यासारखं काही नाही. एक गोष्ट आहे." वाटेत तिला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. शाळेत धड्यातून तिने नाव ऐकलं होतं, पण त्या इथेच, आपल्या गाडीच्या टप्प्यात राहत होत्या हे ठाऊक नव्हतं. 1883च्या एप्रिलमध्ये, अठरा वर्षांच्या असताना त्या नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या, आणि रोझेलच्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्या मुलीसारखं ठेवून घेतलं. तिथून फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात. 1886च्या मार्चमध्ये पदवी.

लेक ऐकत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, बघ, आणि तू मला मॉलमध्ये सोडत नाहीस. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने विचारलं, "तिला कुठला व्हिसा होता?"

"तेव्हा नव्हता लागत. चिनी मजुरांना तेवढी बंदी घातली होती आदल्या वर्षी. बाकीच्यांनी बोटीतून उतरायचं."

"सीरियसली?" ती बराच वेळ गप्प. मग, "तिचा हजबंड स्ट्रिक्ट होता ना? शिकली नाही तर मारायचा वगैरे? मग ती स्वतः गेली की त्याने पाठवलं?"

मी हा धडा शाळेत शिकलो, पुढे चरित्रातलं बरंच वाचलं, नाटक पाहिलं, पण इतका सरळ प्रश्न मला कधी पडला नव्हता. गोपाळरावांचा हट्ट होता हे खरं. पण निघण्याआधी श्रीरामपूरला, बंगालमधल्या, भरसभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातोय ते आनंदीबाईंनी स्वतः सांगितलं होतं हेही खरं. पोटचं मूल दहा दिवसांत गेलं, बायकांना दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे त्यांचं कारण होतं, नवऱ्याचं नव्हे. मी म्हणालो, "सुरुवातीला त्याने पाठवलं असेल. मध्ये कुठेतरी ती स्वतः जायला लागली."

"आणि मग?"

"परत गेली. पुण्यात वारली, लगेच. 1887. तिचा रक्षाकलश इथेच आहे, न्यूयॉर्क राज्यात, पोकिप्सीला. कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत."

"किती वर्षांची होती?"

"एकवीस पूर्ण."

लेकीने काही म्हटलं नाही. फक्त वेग थोडा कमी झाला. मला वाटलं, गोष्टीचं वाईट वाटलं असेल. रोझेल आलं, साधी घरं, पानं गळालेली मॅपलची झाडं, रविवारची शांतता. आम्ही गाडी न थांबवता एक चक्कर मारून परतलो. एक तास बारा मिनिटं, हवा स्वच्छ.

अंधारातले दहा तास हिवाळ्यात पटकन भरतात. नोव्हेंबरच्या अखेरीस साडेचारलाच सूर्य मावळतो. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आम्ही न्यू ब्रन्सविककडून रूट 27ने येत होतो. पाऊस. एकतिसावा तास चालू होता.

"बाबा, एच-4वर जॉब करता येत नाही."

प्रश्न नव्हता तो. माझा पाय खाली गेला.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कौन्सेलरने कॉलेजसाठी फॉर्म दिला होता, त्यात स्टेटस लिहायचं होतं. मी गव्हर्नमेंटच्या वेबसाइटवर वाचलं. सगळं. एकवीसचं पण."

"कधी?"

"सप्टेंबर."

म्हणजे रोझेलच्या आधी. "मग बोलली नाहीस?"

"तू पण नाही बोललास."

वायपर चालू होते. आमचं वळण आलं आणि गेलं, तिने गाडी वळवली नाही, मीही सांगितलं नाही. ती सरळ रस्त्याकडे बघत बोलत होती. मला वाटतं, माझ्याकडे बघावं लागलं असतं तर ती बोलली नसती, आणि मीही. "मला इतके दिवस वाटत होतं, तू मला ट्रस्ट करत नाहीस. ते गाडीचं, जॉबचं, सगळंच. मला वाटायचं, लहान मी तुला आवडत होते आणि मोठी होणारी मी आवडत नाही."

मी सांगायला सुरुवात केली. 2011, 2015, बुलेटिन, अर्जातला तो प्रश्न, मागचा बंद दिवा. मेटचन गेलं, राहवे गेलं. मला वाटत होतं मी फार मोठी गुपितं फोडतोय. तिला त्यातलं बहुतेक सगळं माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. एका ठिकाणी तिने माझी तारीख दुरुस्त केली.

"म्हणजे एकवीसनंतर मी स्टुडंट व्हिसा घ्यायचा?"

"हो. परदेशी विद्यार्थिनी म्हणून."

"परदेशी? बाबा, मी किंडरगार्टन इथे केलंय." आणि थोडं थांबून, "इंडियात मला आइस्क्रीमच्या दुकानात जॉब करता येईल?"

"येईल की. भारताची नागरिक आहेस तू."

ती हसायला लागली. इतकी की मला स्टीअरिंगची काळजी वाटली. "म्हणजे मला घरातून पळून जायचं असेल, तर सांगलीला आजीकडे जावं लागेल!"

"अजिबात नाही," माझ्या तोंडून गेलं. कसलाही विचार न करता.

"का?"

मी तोंड उघडलं. तिने माझंच वाक्य पूर्ण केलं: "आपल्याकडे असलं नसतं." त्या रात्री आम्ही एलिझाबेथपर्यंत गेलो. एक तास अठ्ठावन्न मिनिटं, पाऊस.

इथे गोष्ट संपवली तर बरं दिसेल. बापाने गुपित सांगितलं, पोरीने समजून घेतलं, कडकपणा विरघळला. तसं झालं नाही, आणि जे झालं ते मला जास्त महागात पडलं. त्यानंतर मी कशालाही नाही म्हटलं की लेक विचारायला लागली, "हा व्हिसाचा नाही आहे, की तुझा?" चेष्टेने नाही. तिला वर्गवारी हवी होती. व्हिसाच्या नाहीवर ती एक शब्द बोलत नसे, लगेच सोडून द्यायची. माझ्या नाहीवर वाद घालायची. आणि मी जेव्हा प्रामाणिकपणे वर्गवारी करायला बसलो, तेव्हा दहातले सहा-सात नकार माझेच निघाले. मैत्रिणीकडे झोपायला जाण्याचा आणि व्हिसाचा काय संबंध? केस रंगवण्याचा? केमिस्ट्रीच्या अभ्यासाला घरी येणाऱ्या त्या सालस मुलाचा? मी इतकी वर्षं मनातल्या मनात स्वतःला सांगत आलो की मी भितो म्हणून कडक आहे, परिस्थितीच तशी आहे. परिस्थिती होती तेवढी होतीच. पण तिच्या आडोशाला मी बरंच काही लावून घेतलं होतं, जे कुठल्याही देशात, कुठल्याही पासपोर्टवर मी केलंच असतं. माझ्या बाबांना भरवसा होता असं मी वर लिहिलंय. मुलगी असती तर त्यांनी तिला सव्वादोनशे किलोमीटर जाऊ दिलं असतं का? आम्हाला बहीण नाही, म्हणून बाबा आमच्या आठवणीत मोकळ्या मनाचे राहिले.

केस रंगवले. जांभळे. टोकांनाच, पण जांभळे. झोपायला एकदा गेली. मी रात्री दोनला फोनवर तिचा निळा ठिपका बघितला, तो जिथे असायला हवा तिथेच होता. सकाळी तिने विचारलं, "किती वाजता चेक केलंस?" खोटं बोललो. बारा म्हणालो.

वहीत शेवटी त्रेपन्न तास वीस मिनिटं झाली. सही करताना लेक म्हणाली, जास्तीचे तीन तास वीस मिनिटं परत दे. या एप्रिलमध्ये सतराची झाली, परीक्षा पास झाली. आता ती एकटी चालवू शकते, रात्री अकरापर्यंत, बरोबर एकच माणूस, टिकली लावून.

मे महिन्यातला शनिवार. प्रिन्स्टनला लायब्ररीत जाते म्हणून एका मैत्रिणीला घेऊन गेली. मी ठरवून ठिपका बघत नव्हतो. दुपारी तीनला फोन आला.

"बाबा, रागावू नको."

माझा पाय खाली दबला. मी घरात, सोफ्यावर बसलो होतो.

"मी पंपावर आहे. गॅस संपत आलाय. इथे कुणी भरायलाच येत नाहीये."

न्यू जर्सीत स्वतः गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला कायद्याने बंदी आहे, 1949पासून. पंपावरचा माणूसच भरतो. आजूबाजूच्या सगळ्या राज्यांत लोक आपापला भरतात. म्हणजे ती आमच्या राज्यात नव्हती. "कुठे आहेस?"

"न्यू होप." थोडं थांबून, "पेनसिल्व्हेनिया. नदीच्या पलीकडे. पाच मिनिटं बघू म्हणून आलो."

डेलावेअर नदीवरचा पूल, पहिल्या महिन्यात, न सांगता. सतरा वर्षांचा असताना मी पुण्याहून एकदा असाच, घरी काही न कळवता, पाऊस बघायला लोणावळ्याला गेलो होतो. पण बाबांना फोन केला नव्हता. हे मी तिला सांगितलं नाही. मी विचारलं, "टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे?"

"तुला येतं का भरायला?"

खरं सांगायचं तर फारसं नाही. भारतात पंपावर माणूस असतो, इथेही माणूस असतो. माझ्या उभ्या आयुष्यात मी हे पाच-सहा वेळा केलं असेल. "येतं," म्हणालो. "आधी कार्ड आत घाल, लगेच बाहेर काढ." कार्ड माझ्या खात्यावरचं, तिच्या नावाचं.

"घातलं. आता तो झिप कोड विचारतोय. इथला टाकू? मला इथला माहीत नाही."

"इथला नाही," मी म्हणालो. "आपला टाक."

"आपला?"

"आपला. घरचा."

पलीकडून तिने एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबलेला ऐकू आला. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. "थांबू दे त्यांना," मी म्हणालो. "सावकाश कर."

"घेतला," ती म्हणाली.